हाताने चालणारे, पाण्याची धार कमी-जास्त करणारे होज पाइपचे नोझल लेथवर स्वतः कसे बनवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, घरामागच्या चढावर सुमारे दहा मीटर उंचीवर टाकी आहे, तिथून तीस मीटर लांबीचा अर्धा इंची होज पाइप वाडीत आणलेला आहे, आणि धार हाताने कमी-जास्त करता येईल असे नोझल लेथवर बनवायचे आहे, तर त्याची रचना करताना काय पाहावे. मी गुहागरजवळ राहतो. आमची माड-पोफळीची वाडी आहे आणि पडवीलगतच्या खोपीत एक जुना लेथ आहे. त्यावर आजवर सात-आठ नोझले बनवली. त्यांतली तीन अजून वापरात आहेत, आणि बाकीची का अडगळीत गेली हेच सांगण्यासारखे आहे.

सर्वांत आधी ठरवावयाची गोष्ट म्हणजे पाणी नेमके कोठे आवळायचे. याचे उत्तर आपल्या अंगठ्याला ठाऊक असते. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की लांबच्या आळ्यापर्यंत पाणी जाते, आणि तोच पाइप मागे कोठेतरी दुमडून पाणी कमी केले तर धार पायाशी पडते. दोन्हीकडे पाणी कमीच होते; फरक इतकाच की अंगठा शेवटच्या टोकाला आवळतो आणि दुमड मधे आवळते. माझ्या पहिल्या नोझलात मी ही साधी गोष्ट विसरलो. अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह घेतला, त्याच्या पुढे सहा मिलिमीटर भोकाचे निमुळते पितळी तोंड बसवले, आणि हँडल फिरवून धार आटोक्यात येईल असे समजलो. पूर्ण उघडे असताना धार छान जात होती. हँडल अर्ध्यावर आणले की तोंडातून पाणी नुसते गळू लागे.

कारण असे की, दाबाखालच्या पाण्याजवळ जी शक्ती असते ती अरुंद जागेतून जाताना वेगात बदलते, आणि त्या अरुंद जागेच्या पुढे लगेच रुंद पोकळी आली तर तो वेग भोवऱ्यांत विरून जातो, परत मिळत नाही. अर्धवट बंद बॉल व्हॉल्व्हच्या पुढच्या पोकळीत नेमके हेच घडते. अशा रीतीने पाणी निम्मे केले तर तोंडाशी वेगही निम्मा होतो, आणि धारेची फेक वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे ती जवळजवळ एक चतुर्थांशावर येते. याउलट तोंडाचे भोकच लहान केले तर पाणी निम्मे होऊनही वेग तेवढाच राहतो. उलट पाइपातले घर्षण घटल्यामुळे तो किंचित वाढतो. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचे जे जुने वीजगृह आहे, तिथल्या पेल्टन चक्रांवर, म्हणजे पाण्याच्या धारेने फिरणाऱ्या टर्बाइनांवर, पडणारी धारही तोंडातच पुढे-मागे सरकणाऱ्या भाल्यासारख्या सुईने नियंत्रित होते, मागच्या झडपेने नव्हे. आपल्याला वाडीपुरती तीच युक्ती हवी आहे: एक गोल भोक आणि त्यात आत-बाहेर होणारा शंकू.

मात्र धातू कापण्याआधी पाइपाचा हिशेब करावा, कारण आपल्या बाबतीत खरी अडचण नोझलात नसून पाइपात आहे असे मला दिसते. दहा मीटर उंचीचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. घर्षण नसते तर पाणी सेकंदाला चौदा मीटर वेगाने बाहेर पडले असते. परंतु साडेबारा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या तीस मीटर पाइपातून सहा मिलिमीटरच्या तोंडापर्यंत पाणी नेले, तर माझ्या गणिताने मिनिटाला सुमारे साडेअकरा लिटर पाणी मिळते आणि दहा मीटरपैकी जवळजवळ साडेसात मीटर पाइपच खाऊन टाकतो. तोंडाशी वेग उरतो सेकंदाला सात मीटरच्या आसपास. तोच पाइप पाऊण इंची, म्हणजे एकोणीस मिलिमीटर व्यासाचा घेतला, तर चित्र उलटे होते: पाइपात अडीच मीटरच्या आसपास जातात, तोंडाशी साडेसात उरतात, पाणी मिनिटाला एकोणीस लिटरच्या पुढे जाते आणि वेग बारा मीटर होतो. तेवढ्याच पाण्यासाठी घर्षण हे व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून पाव इंचाचा फरक इतका मोठा पडतो. अर्धा इंची पाइप बदलायचा नसेल तर तोंड चार-साडेचार मिलिमीटरचेच ठेवावे. पाणी कमी मिळेल, पण धार पोहोचेल.

आता मुख्य भागाकडे येतो. रचना दोन तुकड्यांची ठेवावी. मागचा दांडा पाइपाला जोडलेला, आतून पोकळ आणि पुढे बंद होऊन शंकूत संपणारा. आणि त्यावर आट्यांनी फिरणारी टोपी, जिच्या पुढच्या टोकाला भोक आहे. टोपी पुढे गेली की शंकू आणि भोक यांच्यामध्ये वर्तुळाकार फट उघडते. पाणी दांड्याच्या पोकळीतून आडव्या भोकांवाटे बाहेर येऊन त्या फटीकडे जाते. इथे एकच नियम पाळावा: तोंडाच्या मागची प्रत्येक वाट तोंडाच्या निदान चौपट क्षेत्रफळाची असावी. सहा मिलिमीटर तोंडासाठी सहा मिलिमीटरचीच चार आडवी भोके आणि बारा मिलिमीटरची पोकळी घेतली की हिशेब जुळतो. भोकांच्या पुढे दांडा आणि टोपी यांच्यामधली जी कडेची जागा उरते, तिचेही क्षेत्रफळ मोजावे. माझे दुसरे नोझल तिथेच आवळत होते, आणि मी मात्र दोन दिवस तोंडाला पॉलिश करत बसलो होतो.

शंकूचा कोन किती असावा यावर हाताला येणारी पकड अवलंबून असते. फार निमुळता शंकू, म्हणजे एका बाजूने सहा-सात अंशांचा, भोकात पाचरीसारखा अडकतो, आणि कोणीतरी तो पक्कडीने सोडवायला जातो. फार बसका शंकू थोड्याशा हालचालीत सगळे उघडून टाकतो आणि बारीक धार साधतच नाही. मी एका बाजूने तीस अंश, म्हणजे पूर्ण साठ अंश ठेवतो. सहा मिलिमीटर भोकाला पूर्ण उघडण्यासाठी या कोनात टोपी सुमारे साडेचार मिलिमीटर सरकावी लागते. दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, साधे आटे पाडले तर त्यासाठी तीन फेरे लागतात, जे ओल्या हाताने कंटाळवाणे होतात. डबल स्टार्ट, म्हणजे शेजारी-शेजारी चालणारे दोन आटे पाडले तर टोपी एका फेऱ्यात दोन पिच सरकते आणि दीड फेऱ्यात काम होते, आणि आळ्याला भरपूर पाणी घालण्यापासून रोपांवर तुषार सोडण्यापर्यंतचा सगळा पल्ला मनगटाच्या दोन-तीन हालचालींत येतो. डबल स्टार्ट पाडताना पहिला आटा पूर्ण झाल्यावर कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवरची हत्यार सरकवणारी वरची पट्टी, नेमकी एका पिचने पुढे घ्यावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने आधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

भोकाची आतली बाजू हळूहळू निमुळती होत यावी आणि शेवटी व्यासाइतकी सरळ असावी. असे गुळगुळीत निमुळते तोंड, समोर शंकू नसताना, आपल्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने येणाऱ्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेर देते, तर पत्र्यात पाडलेले धारदार कडेचे भोक साठ-बासष्ट टक्केच देते. बाहेरची कड मात्र तीक्ष्ण हवी. तिच्यावर केसाइतकी जरी बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुसळ, राहिली तरी धार एका बाजूला फाटते. नखाने कड चाचपून पाहिली की कळते. किंचित उघडलेल्या फटीतून पाणी पातळ पडद्यासारखे बाहेर येते आणि पसरून तुषार होते. फट वाढली की तोच पडदा शंकूच्या टोकापुढे एकत्र येऊन सलग धार बनते. शंकूचे टोक लांब आणि टोकदार ठेवले तर ही सलग धार अधिक स्वच्छ येते.

दांडा आणि टोपी यांच्यामधली गळती ओ-रिंगने, म्हणजे रबराच्या गोल कड्याने, थांबवावी. २.४ मिलिमीटर जाडीच्या रिंगेला सुमारे दोन मिलिमीटर खोल आणि ३.२ मिलिमीटर रुंद खाच द्यावी, म्हणजे रिंग हवी तेवढी दबते आणि टोपीही सहज फिरते. रिंग बसवताना ती आट्यांवरून घासत जाऊ नये, म्हणून आट्यांचा व्यास आणि रिंगेचा व्यास वेगळा ठेवावा. मी ठेवला नव्हता. रिंग आट्यावर कापली गेली आणि सुपारीच्या रोपांना पाणी घालताना ते थंड पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून शर्टाच्या बाहीत शिरले. दिवस जानेवारीचे होते. वंगण सिलिकॉन ग्रीसचे लावावे. रिंग ईपीडीएम रबराची असेल तर साधे खनिज ग्रीस तिला फुगवते.

बंद करताना शंकू भोकावर जोराने दाबला जाऊ नये. पितळेवर पितळ आवळले की शंकूभोवती एक वळ उमटतो आणि तेव्हापासून नोझल ठिबकते. यासाठी टोपी शंकू टेकण्याच्या क्षणी दांड्याच्या खांद्यावर अडेल असे पाहावे, किंवा शंकूच्या मुळाशी छोटी रिंग बसवून बंद करण्याचे काम तिच्यावर सोपवावे. मला दुसरा उपाय पसंत आहे, कारण घरातील प्रत्येक माणूस नळ बंद करताना शेवटी एकदा जोर लावतोच.

पिस्तुलासारख्या दांडीदाबी नोझलाबद्दल आपण विचारले आहे. ते बनवता येते, पण मी आपल्याला तो सल्ला देणार नाही. स्प्रिंग, खिळ, दट्ट्या आणि दांडी, म्हणजे बिघडणाऱ्या चार जागा वाढतात. शिवाय दांडी सोडताच पाणी एकदम अडते. होज लवचीक असल्याने तो धक्का थोडा पचवतो, पण मागे ताठ पीव्हीसी पाइप असेल तर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबल्याने चार किलोपर्यंत जादा दाब उसळू शकतो, आणि आपला मूळ दाब तर एकच किलो आहे. फिरवून बंद होणाऱ्या टोपीत ही भीती जवळजवळ राहत नाही. आणखी एक इशारा: हे नोझल कलमांवर फवारणी करण्याच्या पंपाला जोडू नये, तिथला दाब आपल्या टाकीच्या कितीतरी पट असतो आणि हे आटे त्यासाठी नाहीत.

धातूची निवड किनाऱ्यावर वेगळी होते. बाजारातली जस्ताच्या मिश्रधातूची रंगीत नोझले आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत पांढरी पावडर सोडू लागली आणि त्यांच्या खिळी जाम झाल्या. पितळ चांगले कापले जाते, पण विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पितळातले जस्त हळूहळू निघून जाते. पृष्ठभाग तांबूस, सच्छिद्र दिसू लागला की आटे ठिसूळ झाले असे समजावे. खाडीकाठच्या वाड्यांत उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी मचूळ होतात, तिथे गनमेटल, म्हणजे तांबे-कथिलाचा मिश्रधातू, घ्यावे. होड्यांची कामे करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे मिळण्याचा संभव असतो. पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र कधीही जोडू नये, ॲल्युमिनियम गळून जाते. नायलॉनची टोपी करण्याचा मोहही टाळावा, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगते आणि आटे घट्ट होतात.

पाइपाकडच्या आट्यांविषयी एवढेच की, इंटरनेटवरचे परदेशी आराखडे जसेच्या तसे घेऊ नयेत. अमेरिकन होजच्या जोडाला इंचाला साडेअकरा आटे असतात. आपल्याकडच्या बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या पाइप आट्यांना, अर्ध्या आणि पाऊण इंचीत चौदा. जोड दोन फेरे जाईल आणि मग अडेल.

जांभ्याच्या जमिनीतली बारीक रेती हा शेवटचा शत्रू. टोपी अर्धा मिलिमीटर उघडली असताना फट फक्त पाव मिलिमीटरची असते, त्यामुळे त्याहून मोठा कण शंकूवर अडकतो आणि फिरवताना ओरखडा काढतो. दांड्याच्या मागच्या टोकाला ६० मेशची, म्हणजे इंचाला साठ छिद्रांची, स्टीलची जाळी बसवावी, म्हणजे तिचे छिद्रही साधारण पाव मिलिमीटरचेच होते. जाळी सपाट चकतीसारखी न ठेवता टोपणासारखी खोल करावी, नाहीतर टाकीतल्या शेवाळाने ती आठवड्यात बुजते.

तयार झाल्यावर पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन बसावे. पूर्ण उघड्या नोझलाने, पाऊण इंची पाइपावर आणि सहा मिलिमीटर तोंडावर, बादली पाऊण ते एक मिनिटात भरली पाहिजे. दीड मिनिट लागले तर नोझल काढून नुसत्या पाइपाने पुन्हा मोजावे. नुसत्या पाइपाने ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरत असेल तर मधली एखादी वाट अरुंद राहिली आहे. तिथेही रेंगाळत असेल तर टाकीचा आउटलेट उघडून पाहावा. आमच्याकडे एकदा त्यात बेडूक बसलेला निघाला होता.