शेततळ्यातला रोहू पिल्ले का देत नाही?

प्रश्न : शेततळ्यात दोन वर्षांपासून रोहू आहे. पावसाळ्यात माद्यांची पोटे फुगतात, पण पिल्लू एकही दिसत नाही. शेजाऱ्याच्या तळ्यात सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) पिल्ले आपोआप होतात. आमच्या बियाण्यात खोट आहे का? इंजेक्शन आणून घरीच टोचले तर?

उत्तर : बियाण्यात खोट नाही. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळी पुराचे वाहते पाणी लागले की त्यांच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटते. ते मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीला जागे करते, ग्रंथीचा स्राव रक्तात उतरतो आणि अंडी पिकून सुटतात. तुमच्या तळ्याला पूर येत नाही. शिवाय डोपामाइन नावाचे मेंदूतलेच दुसरे रसायन या ग्रंथीला दाबून धरते. म्हणून अंडी भरतात, पण शेवटच्या पायरीवर अडतात आणि पोटातच जिरतात. सायप्रिनसला पूर लागत नाही. पाणवनस्पती मिळाली की तिच्यावर अंडी चिकटवून मोकळा होतो.

हा अडसर १९५७ साली कटकला दूर झाला. हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण. आज ओव्हाप्रिमसारखी तयार औषधे मिळतात. त्यात मेंदूतल्या संप्रेरकाची नक्कल असते आणि डोपामाइनची पकड सोडवणारे डोम्पेरिडोनही. हो, उलटीच्या गोळीतले तेच! पण नुसती ती गोळी कुटून टोचण्याचा उद्योग करू नका.

रोहूच्या मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.४ मिली, नराला ०.१ ते ०.२ मिली औषध पुरते. मात्र पुरती न भरलेली अंडी इंजेक्शन पिकवत नाही. मादीचे पोट मऊ हवे, नराचे पोट हलके दाबल्यावर दुधासारखा रस यायला हवा. पुढे वाहते पाणी, हापा (पाण्यात बांधलेली बारीक जाळीची पेटी) आणि नाजूक मत्स्यजिऱ्यांची, म्हणजे नुकत्याच निघालेल्या इवल्या पिल्लांची, राखण आलीच. एका शेततळ्यासाठी हा खटाटोप परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खात्रीच्या केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, आणा. आणि दीड किलोच्या पुढे गेलेले रोहू आता विकून टाका, उगाच खाद्य खात बसले आहेत.