ईमेल खात्याची राखण

समाजमाध्यमांसह बहुतेक ऑनलाइन खात्यांचा पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलवरच येत असल्यामुळे, हे एक खाते परक्याच्या हाती गेले की बाकीची उघडायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. म्हणून याचा पासवर्ड लांब ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. दर महिन्याला तो बदलण्याचा खटाटोप मात्र मला अनावश्यक वाटतो.

द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, आजच सुरू करा. एसएमएसपेक्षा दर ३० सेकंदांनी नवा कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप अधिक भरवशाचे, कारण तुमच्या नंबरचे दुसरे सिमकार्ड मिळवणाऱ्या भामट्याकडे एसएमएस थेट जातो. तरीही बनावट पानावर तुम्ही स्वतःच कोड भरलात, तर अ‍ॅपचाही उपयोग होत नाही. फोन हाताशी नसताना खात्यात शिरण्यासाठी मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. (मी ते फोनमध्येच ठेवले होते आणि फोन हरवल्यावर ही चूक उमगली.)

खात्यात शिरलेला माणूस अनेकदा फॉरवर्डिंगसाठी (आलेल्या मेल आपोआप पुढे पाठवण्यासाठी) स्वतःचा पत्ता नोंदवून जातो आणि पासवर्ड बदलल्यानंतरही तुमच्या मेल त्याला मिळत राहतात; म्हणून फॉरवर्डिंग आणि फिल्टर (आलेल्या मेलचे काय करायचे ते ठरवणारे नियम) अधूनमधून तपासा. रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला, फोन नंबरही तपासा, कारण तुम्ही बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो.