जुना पीसी फेकू नकोस, आधी हे वाच

अरे, जुन्या पीसीचं आता काय करू असं विचारलंस ना, तर विंडोज १० चा फुकटातला नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लगेच नवीन मशीन घ्यायला धावू नकोस. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, तुझा चौथ्या जनरेशनचा आय३ त्यात बसत नाही. मॅकचं विचारलंस, पण ती सिस्टिम अ‍ॅपलच्याच मशीनसाठी असते, म्हणजे खिसा बघ आणि सोडून दे.

मी म्हणेन लिनक्स मिंट बघ, विंडोजच्या जागी टाकायची फुकटातली सिस्टिम. ४ जीबी रॅमवर बऱ्यापैकी चालतं (जुन्या हार्डडिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाकलीस तर मजाच), आणि इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, वायफाय, साउंड, प्रिंटर सगळं लागतंय का ते तिथेच कळतं. ब्राउझर, यूट्यूब, पत्रं टाइप करणं यात काही अडत नाही, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडायचा.

पण घरात कुणी टॅली (हिशेबाचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर विंडोजच ठेव, उगाच वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) नादी लागू नको, मी दोन रविवार घालवलेत त्यात. आणि हो, इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' (त्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जातं) दाबायच्या आधी फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घे रे बाबा.