फोटोतला गोंपा मागावर कसा चढवायचा?

प्रश्न: ताई, मे महिन्यात स्पितीला जाऊन आलो. तिथल्या ‘की’ नावाच्या गोंपाचा, म्हणजे बौद्ध मठाचा, एक फोटो इतका झकास आलाय की तो हाताने विणून हॉलमधे लावायचं डोक्यात घेतलंय. घरी लाकडी फ्रेम लूम आहे, त्यावर दोन-तीन साधे तुकडे विणलेत. फोटोत गोंपा, मागे डोंगर, खाली नदी, पुढे पताकांच्या माळा, सगळंच आलंय. चित्र ३० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच धरलंय. सुरुवात कुठून करू? चवथीपर्यंत होईल ना?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: चवथीचं आधी सांगते, नाही होणार. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं, फळाफुलांचं सामान जमवायचं की धागे मोजत बसायचं?

आता फोटो. तो जसाच्या तसा विणायचा हट्ट सोडा. तुमच्यासारख्या नवख्या हाताला सेंटिमीटरला ३ ताणे, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, पुरेत, म्हणजे ३० सेंमीला ९० धागे झाले, आणि कुठलाही आकार उठून दिसायला निदान दोन ताणे तरी लागतात म्हणजे साधारण ६-७ मिलिमीटर, मग गोंपाच्या त्या बारीक खिडक्या कुठे बसवणार? त्या गेल्या. नदीपण जाऊ दे, खरं सांगू तर तिथे तुम्हाला धरून ठेवलं ते टेकडीवर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या ठोकळ्यांनी, तेवढंच घ्या. फोटोची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा, उजेड-सावलीचे मोठे तुकडे ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि झेरॉक्सवाल्याकडून खऱ्या साइझला मोठं करून ताण्याच्या मागे बांधा.

पैठणीचा पदर आठवा. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या जागेपुरता जातो नि मागे वळतो. इथेही तसंच. त्यामुळे दोन रंगांमधे सरळ उभी रेघ आली की तिथे फट पडते, आणि तुमच्या गोंपात उभ्या भिंतीच भिंती! म्हणून मी तर चित्र आडवं करून विणेन, युरोपातल्या जुन्या कारखान्यांतही असंच करायचे. मग भिंतींच्या कडा बाण्याच्या ओळीत सरळ येतात. फक्त ताणा आता ४० सेंमी रुंद, १२० धागे, तेव्हा फ्रेम तेवढी आहे का बघा. छपरांच्या रेघा फटी पाडतील, त्या मागून शिवून घ्या. पताकांची माळ मात्र आडवं केल्यावर दातेरी होते, ती शेवटी सुईने भरा, कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

रंग सात-आठच. स्पितीचा तो मातकट रंग एका लोकरीत मिळत नाही, तीन बारीक धागे एकत्र कांडीवर गुंडाळा, दोन तपकिरी एक पिवळट, पुढे एक तपकिरी दोन पिवळट, डोंगर आपोआप उजळत जातो. आधी तळहाताएवढा नमुना विणून बघाच. ताण्याला घट्ट पिळाचा सुती दोरा घ्या, जाळ्याचा नायलॉन घरात पडलाय म्हणून तो नको, घसरतो. आणि बाणा ओढून घट्ट करू नका, कमानीसारखा सैल सोडा मग फणीने ठोका, नाहीतर कडा आत येत जातात, माझा पहिला तुकडा वरती पोचेपर्यंत चार बोटं अरुंद झाला होता.

हॉलमधली भिंत पावसाकडची असेल तर तिथे नका लावू, लोकरीला आपल्याकडे बुरशी लागायला एक आषाढ पुरतो.