डिशमध्ये जमलेली जोडी गाठीत का फुटते?

प्रश्न : एम.एस्सी. गणिताच्या प्रकल्पासाठी कर्करोगावरच्या दोन औषधांच्या एकत्र परिणामाचं मॉडेल करतोय. डिशमध्ये (प्रयोगशाळेतल्या बशीत) वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगात एकट्या 'अ'नं ४० टक्के पेशी मरतात, एकट्या 'ब'नं ५०, दोन्ही मिळून ८०. बेरीज तर ९० होते. मग औषधं एकमेकांच्या आड येतात का? गाठीसाठी हेच आकडे धरू का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आड येत नाहीत, उलट एकमेकांना बळ देतात. मेलेली पेशी दुसऱ्यांदा मरत नाही, म्हणून बेरीज चुकते. वाचलेल्यांचा गुणाकार करा : ०.६ × ०.५ = ०.३. स्वतंत्रपणे काम केलं असतं तर ७० टक्के मेल्या असत्या. तुमच्याकडे ८० आहेत. हा ब्लिसचा निकष. दोन्ही औषधं पेशीत एकाच जागी घाव घालत असतील, तर मात्र लोवेचा निकष लावा; त्यात एका औषधाची मात्रा दुसऱ्याच्या तेवढ्याच परिणामाच्या मात्रेत मोजतात.

गाठीसाठी हे आकडे जसेच्या तसे धरू नका. रक्तवाहिनीतून निघालेलं औषध झिरपत आत जातं आणि वाटेतल्या पेशी ते ओढून घेतात. कालव्यावर वरच्यांनी दारं उघडी ठेवली की टेलच्या शेताला पाणी पोचत नाही, हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. विसरण गुणांकाला (औषध किती वेगानं पसरतं त्याचं माप) शोषणाच्या दरानं (पेशी ते किती वेगानं ओढून घेतात) भागून वर्गमूळ काढा. तेवढ्या अंतरावर औषध ३७ टक्के उरतं. उदाहरणादाखल दोन्हींचा गुणांक सेकंदाला १०० चौरस मायक्रॉन घ्या, शोषणाचा दर सेकंदाला 'अ'चा ०.०१ आणि 'ब'चा ०.०४. अंतरं निघतात १०० आणि ५० मायक्रॉन. म्हणजे वाहिनीपासून १०० मायक्रॉनवर 'अ' ३७ टक्के, 'ब' जेमतेम १४. डिशमधलं १:१ प्रमाण तिथे २.७:१ झालं! शिवाय तिथे प्राणवायू कमी, पेशी सावकाश विभागतात. विभागणाऱ्या पेशींवरच चालणारं औषध पोचलं तरी कमी मारतं.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर ५०० मायक्रॉनचा सपाट थर घ्या, ५ मायक्रॉनचे कप्पे पाडा, वाहिनीकडे मात्रा स्थिर ठेवा, दुसरं टोक बंद. वेळेची पायरी ०.१ सेकंद. ०.१२५ ओलांडलीत की आकडे वर-खाली उसळतात, मात्रा उणे येते. सूत्र चुकलं समजून बहुतेक जण इथेच अडकतात. कप्पा निम्मा केलात तर पायरी चौथाई करावी लागते.

प्रमाण टिकवण्याची एक वाट म्हणजे दोन्ही औषधं एकाच लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशवीत, भरणं. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधं ५:१ मोलर (रेणूंच्या संख्येच्या) प्रमाणात भरलेल्या अशा औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. गाठीच्या मॉडेलमध्ये लायपोसोमसाठी वेगळं समीकरण आणि त्यातून औषध सुटण्याचा दर घालावा लागेल.