लग्न, बाळंतपण, पाळी जाणं, मुलं परदेशी जाणं... अशा बदलांच्या काळात बायकांना थेरपीचा खरंच उपयोग होतो का? की जवळच्या मैत्रिणीशी बोललं तरी पुरतं?

होतो. आणि मैत्रीण पुरत नाही. का ते सांगते, जरा लांबेल.

मी डोंबिवलीची, वय ५३. २०२२च्या सप्टेंबरात मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि डिसेंबरात सासूबाई गेल्या. त्या सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, भात मऊ कालवून भरवायचा, एअरबेडचा पंप रात्री बंद पडला तर मला झोपेतही कळायचं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, नवरा पुन्हा सातच्या लोकलला लागला. दिवसभर घरात आवाज करणारे दोघेच उरलो, मी आणि फ्रीज.

रोज पहाटे अडीचला जाग यायची. ती कूस बदलायची वेळ. उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, रिकामी कॉट दिसली की छातीत धडधड आणि दरदरून घाम. ईसीजी झाला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, चार दिवस कुठेतरी फिरून या. त्याच वर्षी पाळीही मागेपुढे होत थांबायला आली होती, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे ना मला सुचलं ना त्यांना.

मग मैत्रीण. वीस वर्षांची, जिवाभावाची. ती म्हणाली, "अगं, आता तर मोकळी झालीस, भजनी मंडळात ये." गेले. टाळ वाजवता वाजवता रडू फुटलं. सगळ्या हळहळल्या, "किती जीव होता हो सुनेचा!" ते वाक्य ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण सासूबाई गेल्या त्या पहाटे माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं, तर आजपासून झोपायला मिळेल. हे कोणाला सांगणार? नवऱ्याची ती आई, मुलाची आजी. मैत्रिणीच्या आणि माझ्या सासूबाई एकत्र हळदीकुंकवाला जायच्या. माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस या खटल्यात पक्षकार होता. शेवटी ज्यांच्याकडे गेले, त्या समुपदेशक बाई तेवढ्या कोणाच्याच कोणी नव्हत्या. मैत्रीण का पुरत नाही, याचं उत्तर एवढंच.

तिसऱ्या खेपेला ते तोंडून निघालं. बाईंनी "असं वाटणं स्वाभाविक आहे" वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "सात वर्षं सलग न झोपलेल्या माणसाला झोप हवीशी वाटली, यात वाईट चिंतणं नेमकं कुठे आलं?" मला उत्तर देता येईना. मग वही सुरू झाली. घडलं काय, त्यावर मनात काय आलं आणि मग वाटलं काय, असे तीन रकाने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. पंधरा दिवसांनी वही चाळली तर "रिकामी बसले म्हणजे मी कुचकामी" हे नऊ वेळा निघालं. प्रत्येकापुढे त्याचा प्रतिवाद लिहायला लावला. कंटाळवाणं काम आहे, रडण्यापेक्षा हिशेब तपासण्याच्या जवळचं.

आणि हो, पहिल्याच दिवशी त्यांनी मला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं होतं. टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंद चालत होतं, गोळी सुरू झाली. त्यामुळे गोळीनं किती आणि बोलण्यानं किती, ही वाटणी मला करता येणार नाही.

एक गंमत. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. मुलाचं घर सोडून जाणं २९ आणि सासरच्यांशी कटकट, तीही २९!

त्यावरून आमच्या वन्सं. मे महिन्यात आल्या, त्यांना कुठून तरी कळलं होतं. "पैसे देऊन रडायला जातेस? माझ्या भावाचे पैसे वर आलेत का?" वर, "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?" या आईकडे वर्षातून दोनदा यायच्या, चार दिवसांवर कधी राहिल्या नाहीत. तेव्हा मी चहा टाकायला उठले, आज उत्तर देते. तुमच्या वेळी अंगात यायचं. वाड्यातल्या धाकट्या सुनेच्या दर पौर्णिमेला अंगात यायचं, सासूसुद्धा तिच्या पाया पडायची आणि तेवढा अर्धा तास तिला मनातलं ओरडून बोलता यायचं. गरज तेव्हाही होतीच.

आता तुमच्या प्रश्नातलं उरलेलं. बाळंतपणानंतरचं रडू दोन आठवड्यांपुढे टिकलं तर "होईल ठीक" म्हणत बसू नका, लगेच दाखवा. नवरा हात उचलत असेल तर बायकोनं वह्या भरून काय होणार, तिथे २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. लग्नानंतरचं मला फार सांगता येणार नाही, माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली.

समुपदेशकाची माझी पहिली निवड फसली होती, हेही सांगायला हवं. तिनं तासभर सकारात्मक विचारांवर प्रवचन दिलं, वर फी घेतली. समुपदेशकाची पाटी कोणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघा. औषध लागेल असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञ, तो डॉक्टर असतो. पैसे नसतील तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

अडीचची जाग अजून महिन्यातून एकदा-दोनदा येते. पाणी पिऊन झोपते.

आणि वन्सं, अकरा खेपांचे आठशे रुपयांप्रमाणे आठ हजार आठशे झाले. माझ्या भिशीचे होते.