शेवटापासून सुरुवात करू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

हाना सेनेश या हंगेरीतल्या ज्यू कवयित्रीवरचा तुझा खर्डा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीत तिला गोळ्या घातल्या जातात आणि पुढचं सगळं त्या एका घटनेपुढे फिकं पडतं. हुतात्मा म्हटलं की आपण हात जोडतो, आणि हात जोडले की विचारायचं ते राहून जातं.

मला तिची मधली वर्षं मोलाची वाटतात. 1921 साली बुडापेस्टमध्ये जन्म. वडील लेखक, ती लहान असतानाच गेले. अभ्यासात हुशार. शाळेच्या साहित्य मंडळावर निवडून आली, पण ज्यू म्हणून ते पद तिला मिळू दिलं नाही. हा प्रसंग तू एका वाक्यात उरकलास; तो सविस्तर लिही, कारण देश सोडण्याचा विचार त्यानंतरच पक्का होत गेला. सप्टेंबर 1939 मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, आईला मागे ठेवून ती ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनला निघाली.

तिथे दोन वर्षं नाहलालला शेतीकाम शिकली. मग समुद्राकाठच्या सदोत याम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, वाट्याला आलं धुणीघर. कविता लिहिणारी मुलगी दिवसभर दुसऱ्यांचे कपडे धूत होती, आणि आपल्यातलं काही इथे वाया तर जात नाही ना, हा प्रश्न डायरीत मांडत होती. पुढच्या वर्षी तू शिकायला परदेशी जाशील. पोटापाण्यासाठी भांडी घासायची वेळ आली, तर हीच पानं उघड. तिथे ती कुणाची नायिका नाही, नव्या देशात जम बसवू पाहणारी तुझ्याच वयाची मुलगी आहे.

हंगेरीत परत जावं, आईला बाहेर काढावं, हे जानेवारी 1943 मध्ये तिच्या मनात आलं. पुढे ती ब्रिटिश सैन्यात भरती झाली, इजिप्तमध्ये पॅराशूटचं प्रशिक्षण घेतलं आणि हंगेरीतल्या ज्यूंना वाचवण्याच्या मोहिमेवर मार्च 1944 मध्ये शेजारच्या युगोस्लाव्हियात उतरली. त्याच महिन्याच्या 19 तारखेला जर्मनांनी हंगेरी ताब्यात घेतली. जूनमध्ये सीमा ओलांडताच ती पकडली गेली. वायरलेसचा सांकेतिक कोड मारहाण करूनही तिने सांगितला नाही. मग तिच्या आईला समोर आणलं. मुलगी पॅलेस्टाईनमध्ये सुखरूप आहे असं समजणाऱ्या आईला दिसला तो सुजलेला चेहरा आणि पडलेला दात. पुढे दोघी एकाच तुरुंगात होत्या. हाना कागदाची मोठी अक्षरं कापून एकेक करून खिडकीत धरायची आणि इतर कैद्यांशी बोलायची.

आता तू टाळलेली गोष्ट. मोहीम फसली. ती सीमा ओलांडत होती तेव्हा आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीकडे गाड्या सुटत होत्या. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू नेले गेले. हाना त्यांतल्या कुणालाही वाचवू शकली नाही. 7 नोव्हेंबर 1944 रोजी तिला मारलं. आई मात्र वाचली. हे लपवलंस तर तिचं धैर्य पोकळ वाटेल, कारण यशाची खात्री नसताना ती गेली होती.

पुढचा खर्डा धुणीघरापासून सुरू कर. विशेषणं निम्मी काढ. रविवारपर्यंत पाठव, मी वाट पाहतो.

तुझा,
सर